सोवळे, पंगत आणि श्रद्धा : मराठी आत्मपर गद्यातील धार्मिक संस्कारांचे स्वरूप

प्रास्ताविक

मराठी आत्मपर गद्याची जी वर्गवारी आपल्या वाङ्मयेतिहासांनी आणि त्यांच्या अनुषंगाने अभ्यासक्रमांनी स्वीकारली आहे, ती बहुतांशी लेखक अखेरीस कोठे पोहोचला यावरून ठरलेली आहे. बाबा पदमनजी यांचे ‘अरुणोदय’ ख्रिस्ती वाङ्मयाच्या प्रकरणात येते. धर्मानंद कोसंबी यांचे ‘निवेदन’ बौद्धविद्येच्या पुनरुज्जीवनाचे साधन म्हणून उल्लेखिले जाते. बेबी कांबळे यांचे ‘जिणं आमुचं’ दलित स्त्रीच्या आत्मकथनांत, तर इरावती कर्वे यांचा ‘वाटचाल’ हा लेख ललित निबंधाच्या तासाला. लक्ष्मीबाई टिळक यांच्या ‘स्मृतिचित्रे’स तर दोन घरे आहेत : एक ख्रिस्ती साहित्याचे आणि दुसरे निर्मळ विनोदाचे. विद्यार्थ्यांपर्यंत पोहोचते ते बहुधा दुसरे.

या वर्गवारीचा एक परिणाम असा झाला की ही पुस्तके एकमेकांशेजारी ठेवून वाचली जात नाहीत. वास्तविक या साऱ्यांचा मूळ प्रश्न एकच आहे. ज्या घरात माणूस वाढतो त्या घरातला धर्म त्याच्या अंगी कसा मुरतो, आणि मोठेपणी त्या धर्मावरील विश्वास उडाला, बदलला किंवा विरळ झाला तर त्या मुरलेल्या गोष्टीचे काय होते? प्रस्तुत निबंधात या प्रश्नाच्या दिशेने वरील ग्रंथांचे वाचन केले आहे. त्यामागील प्रतिपादन थोडक्यात असे : आपल्याकडे धर्म मुलापर्यंत मताच्या रूपाने पोहोचत नाही, हातातोंडाच्या सवयीच्या रूपाने पोहोचतो. त्यामुळे प्रौढपणी श्रद्धेचा निकाल ग्रंथांच्या खलात लागलेला असला तरी त्याची अंमलबजावणी पाण्याच्या घड्यापाशी आणि पंगतीच्या पाटावर होते. ज्या लेखकांनी हे ओळखले त्यांचे लेखन वाङ्मय म्हणून जिवंत राहिले. ज्यांनी केवळ मतांतर नोंदविले त्यांचे लेखन मोलाचे असूनही कागदपत्रांच्या कपाटात गेले.

‘संस्कार’ या शब्दाविषयी

हा शब्द आपण इतक्या सहजतेने वापरतो की त्यातील अर्थांची गर्दी लक्षात येत नाही. गर्भाधानापासून अंत्येष्टीपर्यंतचे विधी हा एक अर्थ, घरचे वळण हा दुसरा. तिसरा अर्थ दर्शनशास्त्रांतला आहे आणि तोच येथे अधिक उपयोगाचा आहे. अन्नंभट्टाच्या ‘तर्कसंग्रहा’त स्मृतीची व्याख्या करताना ती केवळ संस्कारातून उपजणारे ज्ञान आहे असे म्हटले आहे. अनुभव संपतो, त्याचा ठसा उरतो आणि तो ठसा जागा झाला की स्मृती होते. आत्मचरित्र हे स्मृतीचेच शास्त्र असल्याने आत्मचरित्रकाराला संस्कारांपासून सुटका नाही. तो ज्यांना नाकारतो त्यांच्याच आधारे त्याला लिहावे लागते.

‘आस्तिक’ आणि ‘नास्तिक’ या शब्दांचा इतिहासही हेच सुचवितो. मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात वेदाची निंदा करणारा तो नास्तिक, असे सांगितले आहे. ईश्वर न मानणारा, असे नव्हे. निरीश्वर सांख्य आणि जगत्कर्त्या ईश्वराची गरज न भासणारी पूर्वमीमांसा ही दोन्ही आस्तिक दर्शनांच्या पंक्तीत बसतात. मनात काय आहे याची चौकशी परंपरेने फारशी केली नाही; हाताने काय केले याची मात्र कसून केली. १८९० साली पुण्यात पंचहौद मिशनच्या वाड्यात घेतलेल्या चहाने जी खळबळ माजविली तिचे मर्म येथे आहे. चहा घेणाऱ्यांत न्यायमूर्ती रानडे आणि लोकमान्य टिळक दोघेही होते. त्यांच्या ईश्वरविषयक मतांची विचारपूस कोणी केली नाही. पेला ओठांना लागला की नाही, एवढाच प्रश्न होता, आणि त्यावर प्रायश्चित्तापर्यंत प्रकरण गेले.

पाव खाल्ला, पुढे काय?

सुधारकांनाही हे उमगले होते. १८४९च्या सुमारास मुंबईत दादोबा पांडुरंग प्रभृतींच्या पुढाकाराने स्थापन झालेल्या परमहंस सभेत प्रवेश घेणाऱ्याने जातिभेद मानत नाही असे नुसते म्हणून भागत नसे. त्याला ख्रिस्ती माणसाने भाजलेल्या पावाचा तुकडा खावा लागे. मूर्तिपूजा व जातिभेद यांविरुद्धचा युक्तिवाद सर्वांना पटलेला होता. पण पटणे पुरेसे नाही, गिळले पाहिजे, ही जाण त्या विधीत आहे. सभा मात्र गुप्त होती. पुढे सभासदांची यादी बाहेर फुटल्याचे निमित्त झाले आणि १८६०च्या सुमारास ती विसर्जित झाली. बंद दाराआड पाव खाणारी ही मंडळी घरी जाऊन सोवळ्यात जेवत असणार, हे उघड आहे. त्यात केवळ भित्रेपणा पाहणे हा अन्याय होईल. त्यांच्या मनाने जेथवर मजल मारली होती तेथवर त्यांचे घर आले नव्हते, आणि घर म्हणजे आई, पत्नी, सासू अशी जिवंत माणसे होती.

या सभेच्या वातावरणाचा ज्यांना निकटचा परिचय होता त्यांत बाबा पदमनजी (१८३१–१९०६) होते. बेळगावच्या कासार कुटुंबात जन्मलेल्या पदमनजींनी १८५४ साली ख्रिस्ती धर्माची दीक्षा घेतली आणि तीन दशकांनी, १८८४ मध्ये, ‘अरुणोदय’ लिहिले. ग्रंथाचे नावच उजेडाचे आहे : पूर्वी अंधार होता, नंतर पहाट झाली. आराखडा असा आधीच ठरलेला असल्याने वाचकाची अपेक्षा अशी की बालपणीच्या हिंदू आचारांची वासलात चार ओळींत लागेल. प्रत्यक्षात घडते ते वेगळे. व्रते, उपास, घरातील देव, सणवार, नवससायास यांची वर्णने लेखक विलक्षण बारकाईने करतो. ज्या गोष्टी त्याज्य ठरवायच्या त्यांच्यासाठी इतकी शाई का खर्ची पडावी? मिशनरी वाचकांना हिंदू चालीरीतींची माहिती हवी होती हे एक उत्तर झाले, आणि ते खरेही आहे. पण त्या वर्णनांतील ओलावा माहितीच्या गरजेपेक्षा अधिक आहे. युक्तिवादाच्या पानांवर पदमनजींचे गद्य प्रवचनकाराचे होते, बालपणाच्या पानांवर ते कथेकऱ्याचे होते. ‘यमुनापर्यटन’ लिहिणारा लेखक याच दुसऱ्या गद्याचा धनी आहे. ग्रंथाचा हेतू एका बाजूला आणि त्याची गोडी दुसऱ्या बाजूला, अशी ही फाळणी आहे. लेखकाला तिची जाणीव असल्याचे दिसत नाही, आणि ‘अरुणोदय’ची मर्यादा येथेच आहे. संस्कार त्याच्या हातून व्यक्त होतो, परंतु त्याच्या विचाराचा विषय होत नाही.

‘स्मृतिचित्रे’ : सोवळ्याचा शेवट

लक्ष्मीबाई टिळकांच्या (१८६८–१९३६) बाबतीत तो विषय झाला आहे, आणि कोणत्याही तात्त्विक परिभाषेवाचून झाला आहे. ‘स्मृतिचित्रे’चे भाग १९३४पासून प्रसिद्ध होऊ लागले. रेव्हरंड ना. वा. टिळक यांच्या आठवणी सांगण्यासाठी सुरू झालेले हे लेखन आहे. तरीही त्याचा आरंभ टिळकांपासून होत नाही, लक्ष्मीबाईंचे वडील नाना गोखले यांच्या सोवळ्यापासून होतो. १८५७च्या उठावानंतर घराण्याच्या निकटच्या एका वडीलधाऱ्याला फाशी झाली, त्या धक्क्याने नानांचे मन बिथरले आणि ते सोवळ्याच्या आहारी गेले, अशी ती हकीकत आहे.

या आरंभाकडे समीक्षेने द्यावे तेवढे लक्ष दिलेले नाही. नानांचे सोवळे हा विनोदाचा विषय म्हणून वाचला जातो. विनोद तर त्यात आहेच. धुण्यापुसण्याच्या त्या अतिरेकावर हसू न येणारा वाचक विरळा. परंतु लक्ष्मीबाई त्याचे कारण सांगतात आणि ते कारण धार्मिक नाही. नाना शास्त्राच्या अभ्यासाने सोवळे झाले नाहीत, भीतीने झाले. घराबाहेरच्या जगाने जो आघात केला त्यापासून वाचण्यासाठी एका माणसाने स्वतःभोवती पाण्याची भिंत उभारली, आणि त्या भिंतीच्या आत त्याची पत्नी व मुले घुसमटली. धर्माचरणाच्या मुळाशी कधीकधी श्रद्धा नसते, न सांगता येणारी दहशत असते, हे मराठी गद्यात याआधी इतक्या स्पष्टपणे कोणी दाखविल्याचे आढळत नाही. तेही निंदेचा सूर न लावता. लेक बापावर हसते, पण बापाला हास्यास्पद करीत नाही.

अशा घरात वाढलेली मुलगी वयाच्या अकराव्या वर्षाच्या सुमारास टिळकांच्या घरी जाते. पतीचा स्वभाव अगदी विरुद्ध : मनस्वी, उधळा, कशावरही चटकन विश्वास ठेवणारा आणि तितक्याच चटकन सोडणारा. १० फेब्रुवारी १८९५ रोजी टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. त्यानंतरची काही वर्षे पतिपत्नींची ताटातूट झाली. नातलगांच्या आधाराने राहिलेल्या लक्ष्मीबाईंच्या या काळाचे चित्रण मराठीतील अत्यंत यातनामय गद्यांपैकी एक आहे. पुढे त्या अहमदनगरला पतीकडे गेल्या, पण स्वतःचे सोवळे, स्वतःचा स्वयंपाक आणि स्वतःचे पाणी सांभाळून. एका संसारात दोन धर्म आणि दोन चुली.

येथून पुढची पाने या निबंधाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची आहेत. ख्रिस्ती धर्मतत्त्वांचे लक्ष्मीबाईंना आकर्षण वाटले, त्यांनी बायबल वाचले, खल केला आणि मग सोवळे सोडले, असा क्रम वाचकाला अपेक्षित असतो. घटना घडल्या त्या उलट क्रमाने. आधी जातिभेद गळून पडला. रात्री एकटीने विचार करता करता त्यांना वाटले की या जाती देवाने केल्या असत्या तर माणसामाणसांत पशुपक्ष्यांत दिसतो तसा उघड भेद दिसला असता. तो दिसत नाही, तेव्हा हे माणसाचेच काम. मग त्यांनी ठरविले की यापुढे कोणाच्याही हातचे खायचे, प्यायचे. बाप्तिस्मा त्यानंतर, १९००मध्ये. म्हणजे प्रथम नानांचे सोवळे संपले, आणि ते संपल्यावर श्रद्धेला जागा झाली. टिळकांना जे ग्रंथांतून आणि काव्यातून गवसले ते लक्ष्मीबाईंना पाण्याच्या घड्यापाशी गवसले.

आता या निर्णयाचा युक्तिवाद तपासून पाहावा. तो तर्कशुद्ध आहे आणि कोणाही बुद्धिवाद्याला तो मान्य व्हावा. ‘सुधारका’तील आगरकरांना तो आवडला असता. मग लक्ष्मीबाई आगरकरांच्या दिशेने का गेल्या नाहीत? त्यांच्या तर्काची झेप ईश्वराला ओलांडून जात नाही, ईश्वराला सोवळ्यातून सोडवून घेते. नानांनी ज्याच्या नावाने घर कोंडले त्याचे त्या कोंडण्याशी काही नाते नाही, एवढे कळताच त्यांचे समाधान होते. हे समाधान उथळ आहे असे एखाद्या कठोर बुद्धिवाद्यास वाटेल. पण बालपणी ज्याला धर्म म्हणजे भय हे समीकरण शिकविले गेले, त्याच्या दृष्टीने भयाचा नाश हीच धर्मचिकित्सेची पूर्तता असणे स्वाभाविक आहे. प्रत्येकाची अश्रद्धा त्याच्या श्रद्धेच्याच मापाने बेतलेली असते. लक्ष्मीबाईंनी सोडले ते वडिलांचे सोवळे. वडिलांचा देव त्यांना कधी फारसा भेटलाच नव्हता.

‘स्मृतिचित्रे’तील विनोदाचे स्थानही येथे नव्याने पाहिले पाहिजे. हा विनोद स्वभावाचा गुण म्हणून वाखाणला जातो आणि प्रश्न तेथेच मिटविला जातो. वास्तविक तो एक पवित्रा आहे. ज्या आचारांत आपण वाढलो ते चुकीचे होते असे म्हणताच माणूस आपल्या आईबापांविरुद्ध साक्ष देऊ लागतो. ते खरे होते म्हणावे तर आजचे आयुष्य खोटे ठरते. या पेचातून हसणे हीच वाट उरते, कारण हसताना आपुलकी आणि नकार एकाच श्वासात येतात. पदमनजींना ही वाट सापडली नाही. त्यांना अंधार आणि उजेड अशी विभागणी करावी लागली.

‘निवेदन’ : मौनाची बाजू

कोसंबींचे उदाहरण यापुढे कोरडे भासेल, आणि काही अंशी ते तसे आहेही. गोव्यातील साखवाळ या गावी १८७६ साली जन्मलेल्या धर्मानंदांनी मुलांच्या एका मराठी मासिकात बुद्धचरित्रावरील मजकूर वाचला, त्याने ते भारावले आणि १८९९ साली पत्नी व तान्ह्या मुलीला मागे ठेवून ज्ञानाच्या शोधात घराबाहेर पडले. पुणे, काशी, नेपाळ, बोधगया आणि अखेर १९०२मध्ये सिंहलद्वीपात श्रामणेर दीक्षा, असा तो प्रवास १९२४च्या ‘निवेदना’त आला आहे. मराठी छापील मजकुराने बुद्धापर्यंत पोहोचविण्याचा हा एकच प्रसंग नव्हे. कृ. अ. केळुसकरांनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र मॅट्रिक झालेल्या भीमराव आंबेडकरांच्या हाती दिले, हे सर्वश्रुत आहे. कबीरपंथी वडिलांच्या शिस्तीत रामायण-महाभारताचे पाठ वाचणारा तो मुलगा त्या ग्रंथांविषयी प्रश्न विचारीतच होता. पुस्तकाने त्या प्रश्नांना दिशा दिली.

कोसंबी बालपणीच्या धर्माविषयी फार थोडे बोलतात. त्यांच्या ग्रंथात त्या धर्माचे दर्शन होते ते अप्रत्यक्षपणे. बुद्धाच्या ओढीने निघालेला हा तरुण संस्कृत शिकण्यासाठी काशीत राहतो आणि तेथे अन्नछत्रात जेवतो. बुद्धाकडे जाण्याचा रस्ता ब्राह्मण म्हणून वाढलेल्या ताटावरून गेला आहे. कोसंबी या विसंगतीवर भाष्य करीत नाहीत. त्यांचा मनोधर्म वृत्तांत नोंदविण्याचा आहे. तथापि त्यांच्या या मौनामुळे ‘निवेदन’ वाङ्मयदृष्ट्या उणे पडते, हे मान्य केले पाहिजे. विद्वानाची निष्ठा, देहाचे हाल आणि घरी मागे राहिलेल्यांविषयीचा अपराधभाव यांनी ग्रंथ भारलेला आहे. परंतु साखवाळच्या त्या घरात देव्हाऱ्यापुढे बसणारा मुलगा वाचकाला दिसत नाही. तो दिसला असता तर सिंहलद्वीपातील चीवरधारी तरुण अधिक कळला असता.

एक आक्षेप

येथे असा आक्षेप संभवतो की वर ज्याची चर्चा झाली तो धर्म नसून जात आहे. सोवळे, पाणी, पंगत या सामाजिक निर्बंधांच्या बाबी. श्रद्धा ही अंतःकरणाची बाब. दोहोंची गल्लत झाली आहे. हा आक्षेप वरवरचा नाही. प्रार्थनासमाजापासून अनेकांनी ही वेगळवेगळी प्रामाणिकपणे करून पाहिली आहे. परंतु ती प्रौढाची वेगळवेगळी आहे. मुलाला ती करता येत नाही. आईने सोवळ्यात असताना शिवू नकोस म्हटले तेव्हा तिने त्याला सामाजिक नियम सांगितला की देवाचा, हे त्याला कोण सांगणार? त्याच्यासाठी देव आणि न शिवणे एकच असते.

अधिक कसोटीचे उदाहरण हमीद दलवाई यांचे आहे. मुस्लिम मुलाला धर्म सवयीबरोबर स्पष्ट वचनांच्या रूपानेही मिळतो. कलमा आहे, कुराणपठण आहे, नमाज आहे. तेव्हा तेथे अश्रद्धा ही वचनांचा इन्कार म्हणून अवतरावी. दलवाईंच्या वैचारिक लेखनात ती तशी अवतरते आणि २२ मार्च १९७० रोजी त्यांनी स्थापन केलेल्या मुस्लिम सत्यशोधक मंडळाच्या कार्यात ती संघटित होते. त्यांच्या ‘इंधन’ (१९६५) या कादंबरीचे जग मात्र निराळे आहे. धर्मावरचा विश्वास मावळलेला नायक दीर्घ काळानंतर कोकणातल्या आपल्या गावी परततो. तेथे त्याचा झगडा ईश्वराच्या अस्तित्वाशी नाही. तो वडिलांशी, भावकीशी, गावातल्या मुसलमान-कुळवाडी नात्यांच्या ताणांशी आहे. निबंधकार दलवाई युक्तिवाद करतात, कादंबरीकार दलवाई घराच्या उंबरठ्यावर घुटमळतात. ३ मे १९७७ रोजी त्यांचे निधन झाले आणि त्यांच्या इच्छेनुसार कोणत्याही धर्मविधीवाचून दहन झाले. शेवटचे विधानही मताचे नव्हते, देहाचे होते.

याच संदर्भात एक निरीक्षण नोंदविणे आवश्यक वाटते. मराठीत नास्तिकतेचा युक्तिवाद विपुल आहे. आगरकरांपासून डॉ. श्रीराम लागूंच्या परमेश्वराला निवृत्त करण्याविषयीच्या गाजलेल्या प्रतिपादनापर्यंत त्याची सलग परंपरा आहे. नास्तिकतेचे कथन मात्र विरळ आहे. श्रद्धा कोणत्या दिवशी, कोणत्या खोलीत, कोणाच्या समोर गेली; ती गेल्यानंतरच्या पहिल्या गणेशचतुर्थीला त्या माणसाने काय केले; आईने प्रसाद पुढे केला तेव्हा हात पुढे झाला की नाही; या गोष्टी क्वचितच लिहिल्या गेल्या. कदाचित आपल्या बुद्धिवाद्यांना हे तपशील क्षुल्लक वाटले असतील. या निबंधाच्या दृष्टीने ती आपल्या बुद्धिवादी वाङ्मयाची मोठी उणीव आहे, कारण त्यामुळे अश्रद्ध माणूस मराठी वाचकाला विचार करणारे डोके म्हणून परिचित झाला, वाढलेला मुलगा म्हणून झाला नाही.

‘जिणं आमुचं’ : सोडलेल्या देवांची आठवण

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे डॉ. आंबेडकरांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञा पाहिल्यास त्यांतील अनेक प्रतिज्ञा कृतीविषयी आहेत हे ध्यानात येते : अमुक देवांची उपासना करणार नाही, श्राद्ध करणार नाही, पिंडदान करणार नाही. संस्कार कोठे राहतो हे प्रतिज्ञाकाराला पक्के ठाऊक होते. नुसते नवे तत्त्वज्ञान देऊन जुने देव जात नाहीत. हात थांबवावे लागतात.

बेबी कांबळे यांचे आत्मकथन १९८०च्या दशकात प्रथम ‘स्त्री’ मासिकातून व नंतर १९८६ साली पुस्तकरूपाने आले. लेखिकेची भूमिका निःसंदिग्ध आहे. बाबासाहेबांच्या विचाराने तिचे आयुष्य उजळले, जुना देवधर्म हा समाजाला खड्ड्यात ठेवणारा होता, याविषयी तिच्या मनात किंतु नाही. तरीही पुस्तकाची मोठी व्याप्ती त्या जुन्या देवधर्मानेच भरलेली आहे : आषाढ महिना, मरीआईचा रेडा, अंगात येणाऱ्या बाया, थोरला मुलगा पोतराज म्हणून देवीला वाहण्याची चाल. या वर्णनांत संताप आहे, कीव आहे आणि या दोहोंखाली एक निराळी गोष्टही आहे. वर्षभर उपाशी आणि अंगाला पाणी न लागलेल्या माणसांना त्या दिवसांत न्हाणे होते, गोडधोड होते, गर्दी होती. अंगात आलेली बाई त्या क्षणापुरती कोणाची सून नव्हती, कोणाची महारीण नव्हती; तिच्यापुढे लोक वाकत होते. लेखिका हे तत्त्व म्हणून मांडीत नाही. तिच्या वर्णनाच्या वेगातून ते कळते.

हे ओळखताना अभ्यासकाने एक सावधगिरी बाळगली पाहिजे. या ओलाव्याचा अर्थ लेखिकेला जुन्या धर्माची ओढ आहे असा काढणे हा तिच्यावर उघड अन्याय आहे. ज्यांच्यावर हा धर्म लादला गेला त्यांच्या बाबतीत ‘हरवलेली समृद्धी’ अशी भाषा वापरणे अशोभनीय होय. नानांचे सोवळे आणि पोतराजाचा आसूड हे एकाच मापाचे संस्कार नाहीत. एकाने घर आतून कोंडले, दुसऱ्याने एक समाज गावकुसाबाहेर कोंडून ठेवला. आणि पहिल्याचे पाणी शुद्ध राहावे म्हणूनच दुसऱ्याला पाणवठा नाकारला गेला. लक्ष्मीबाईंना सोवळे सोडता आले, कारण ते त्यांच्या हाती होते. बेबी कांबळे यांच्या माणसांना सोडायचे होते ते दुसऱ्याच्या हातातले होते. म्हणूनच तेथे एकटीच्या रात्रीच्या विचाराने भागले नाही, सामुदायिक दीक्षा घ्यावी लागली.

‘वाटचाल’ : उलट दिशेचा प्रवास

इरावती कर्वे (१९०५–१९७०) यांचे उदाहरण अखेरीस घेण्याचे कारण असे की त्यांच्या बाबतीत संस्कारच अश्रद्धेचा होता. ब्रह्मदेशात जन्मलेली ही मुलगी पुण्यात रँग्लर र. पु. परांजपे यांच्या घरी वाढली. परांजपे हे उघड निरीश्वरवादी होते. पुढे ती महर्षी धोंडो केशव कर्वे यांची सून झाली. म्हणजे बुद्धिवाद तिला घरातच मिळाला, जसा इतरांना देव्हारा मिळतो. अशी स्त्री मानववंशशास्त्राची विदुषी झाल्यावर पंढरीच्या वारीत चालू लागते आणि त्याविषयी ‘वाटचाल’ लिहिते. तो लेख ‘परिपूर्ती’ (१९४९) या संग्रहात आहे.

लेखाची नेहमीची स्तुती अशी की विदुषी अखेर भक्तीपुढे नमली. हे वाचन सोयीचे आहे, बरोबर नाही. बाई माळकरी होत नाहीत. चालताना, गाताना, बायकांच्या सुखदुःखांत मिसळताना महाराष्ट्राचे जे रूप त्यांना गवसते त्याने त्या हेलावतात. पण एक गोष्ट त्यांना रोज दुपारी बोचते. एकाच दिंडीत ब्राह्मणांचे आणि मराठ्यांचे जेवण वेगळे होते. सकाळभर एका सुरात अभंग म्हणणारी माणसे जेवायच्या वेळी दोन ठिकाणी बसतात. ज्यांचा जन्म वारीच्या वळणात गेला त्या सहवारकऱ्यांना त्यात वेगळे असे काही दिसत नाही. पंगत म्हणजे जशी असते तशीच ती आहे. ज्या घरी देव नव्हता त्या घरून आलेल्या बाईला ते दिसते. तिला भजन नवे असल्याने मोहविते आणि पंगत नवी असल्याने सलते. आयुष्यभर वारी केलेल्या तिच्या मैत्रिणींना यांतले एकही नवे नाही. त्या हात धुऊन आपापल्या चुलीकडे जातात, आणि जेवणे उरकली की पुन्हा तिच्याजवळ येऊन चालू लागतात.